पहिली गोळी कधी घेतली, हे विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

प्रिय डॉक्टर मॅडम,

त्या रात्री आईला घेऊन आले, तेव्हा मी एकच घोकत होते : "अंगावर पुरळ आलंय, काहीतरी खाण्यात आलं असेल." तुम्ही खाण्याचं काहीच विचारलं नाहीत. "नवीन गोळी कोणती? पहिली कधी घेतली?" चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर कार्बामाझेपिन सुरू होऊन तेव्हा १८ दिवस झाले होते. मी ठामपणे म्हणाले, "ती तिला सोसते, इतके दिवस काही झालं नाही." तुम्ही केसपेपर उलटा केलात आणि मागे एक आडवी रेघ ओढलीत.

रेघेच्या टोकाशी गोळीनंतरचा पहिला तासभर. तिथे आयजीई ही अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं मास्ट या संरक्षक पेशींवर आधीच बसलेली असतात. औषध भेटताच त्या पेशींतून हिस्टामिन हे रसायन सुटतं, गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो, आणि तेव्हा मांडीत अ‍ॅड्रेनालिन द्यायला क्षणाचाही उशीर चालत नाही. मला ठाऊक असलेली अ‍ॅलर्जी एवढीच. त्यापुढे, साधारण चौथ्या दिवसापासून चार आठवड्यांपर्यंत, तुम्ही एक गोल काढलात. आई त्या गोलात होती. इथे काम टी पेशींचं, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं. त्यांना औषध ओळखायला आणि संख्येने वाढायला वेळ लागतो. मी ज्यांना सोसलेले दिवस म्हणत होते, त्या दिवसांत आत ही जमवाजमव चालली होती. मग त्या पेशी त्वचेच्याच पेशींना मारत सुटतात.

पुरळाकडे तुम्ही थोडंच पाहिलंत, तोंडात मात्र बराच वेळ. ओठांच्या आत फोड, डोळे लाल, ताप, आणि कातडी खाजत नव्हती, दुखत होती. बोटाने हलकं घासलंत तर वरचा पापुद्रा सरकला. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, औषधामुळे कातडी सोलवटणारा गंभीर आजार. सोललेला भाग अंगाच्या कातडीच्या १० टक्क्यांच्या आत होता. तोच ३० टक्क्यांपुढे गेला की नाव बदलतं आणि जिवाची भीती कितीतरी वाढते. गोळी त्याच मिनिटाला बंद झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांना तुम्ही पहाट व्हायच्या आत बोलावलंत. तेव्हा मला ते घाईचं वाटलं होतं, पण पापण्या आतून चिकटू शकतात हे नंतर कळलं. आई आज बारीक अक्षरही वाचते.

रोज सकाळी गोळी मीच तिच्या हातावर ठेवत होते. हे तुम्हाला सांगताना मला रडू आवरेना. तुम्ही शेजारी बसलात. काही जणांत जन्मतःच एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार असतो आणि त्यांना या गोळीचा धोका फार मोठा असतो, हे समजावलंत. "तुमच्या हाताने काही केलेलं नाही," म्हणालात. आपल्या ड्यूटीची वेळ संपल्यावर थांबून तुम्ही हे बोलत होतात.

घरी जाताना तुम्ही दिलेल्या, टाळायच्या औषधांच्या कार्डावर कार्बामाझेपिनसोबत ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटल ही त्या गोळीची भावंडंही आहेत. आई ते चष्म्याच्या डबीत ठेवते. परवा दात काढायला गेलो, तर दातांच्या डॉक्टरांनी खुर्ची मागे करायच्या आत तिने ते त्यांच्या हातात दिलं होतं.

तुमची ऋणी,
एका पेशंटची मुलगी