त्या पठारावरच्या काकांना, आठ तारांबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं तुमचं ओळखनाव, इथे लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, एवढं त्या एका दुपारी कळलं होतं. पत्र मात्र उघडच लिहिते आहे, कारण तुम्ही दाखवलंत ते रेडिओ पाठीवर टाकून डोंगर चढणाऱ्या प्रत्येक हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या, कामाचं आहे.

तुम्ही आलात तेव्हा मी पन्नास मिनिटं सीक्यू, म्हणजे 'कोणीही उत्तर द्या' अशी हाक, देत बसले होते. २० मीटर बँड, मोर्स, ५ वॅट. तिपाईवर अडीच मीटरची टेलिस्कोपिक दांडी, तिच्या बुडाशी कॉइल आणि जमिनीवर एकच तार, तीही गवतात गुंता होऊन पडलेली. मीटरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे रेडिओ आणि अँटेना यांचा मेळ दाखवणारा आकडा, १.१; १ म्हणजे पूर्ण मेळ. लांबलांबची स्टेशनं स्वच्छ ऐकू येत होती आणि माझ्या हाकेला कोणी ओ देत नव्हतं. रेडिओच बिघडला असं ठरवून मी आवरायला घेतलं होतं.

"रेडिओ बरा आहे गं तुझा. जमिनीवर किती तारा आहेत?" हा तुमचा पहिला प्रश्न.

मग पिशवीतून तुम्ही पाच-पाच मीटरच्या तारांची गुंडाळी काढलीत. आधी माझीच तार सोडवून सरळ केलीत, मग एकेक नवी मला पसरायला लावलीत. दर खेपेला दांडी जराशी लांब-आखूड करायची आणि मीटर मोठ्याने वाचायचा. दोन तारा झाल्या, १.३. चार झाल्या, १.७. आठवी पसरली तेव्हा आकडा २ च्या पुढे गेला. माझा जीव खालीवर होत होता आणि तुमचा चेहरा खुलत होता. "आता ट्यूनर लाव आणि हाक दे," म्हणालात. ट्यूनर म्हणजे रेडिओशी अँटेना जुळवून देणारी डबी. तिसऱ्या सीक्यूला उत्तर आलं. रिपोर्ट ५३९: स्पष्ट, पण दुबळा सिग्नल. तो कागद मी जपून ठेवला आहे.

त्यानंतर तुम्ही जे समजावलंत, ते मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. अडीच मीटरच्या दांडीचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे रोधातला खरोखर लहरी हवेत सोडणारा वाटा, २० मीटरवर जेमतेम पाच-सहा ओहम. बाकीचे चाळीसेक ओहम माती आणि कॉइल यांचे. बेरीज पन्नासच्या आसपास, रेडिओला हवी तेवढीच, म्हणून मीटर खूश. माझ्या ५ वॅटमधला अर्धा वॅटसुद्धा जेमतेम हवेत जात होता, उरलेल्यावर जमीन तापत होती. तारा वाढल्या तसा मातीतला तोटा घटला, बेरीज पन्नासच्या खाली आली आणि एसडब्ल्यूआर चढला. अँटेना सुधारत होता म्हणूनच तो चढत होता. अँटेनाऐवजी जोडायच्या, सगळी ताकद उष्णतेत घालवणाऱ्या डमी लोडवरही १.१ येतो, हे मला पाठ होतं. पण त्याचा अर्थ त्या गवतात गुडघे टेकून आठवी तार ओढताना कळला.

आणि माझा दुसरा गैरसमज! ऐकू येतंय म्हणजे अँटेना चांगला, असं मी धरून चालले होते. तुम्ही म्हणालात, या बँडवर वातावरणाचाच गोंगाट एवढा असतो की अँटेना कच्चा असला तर सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच उतरतात, आवाज वाढवला की झालं. पाठवताना मात्र गेलेला वॅट परत मिळत नाही. हे वाक्य मी नंतर कितीतरी जणांना ऐकवलं आहे.

एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. तुमची सात मीटरची फायबरग्लासची मासेमारीची काठी उभी केलीत, डायपोलचा, म्हणजे दोन सारख्या तारांच्या अँटेनाचा, मध्य तिच्या शेंड्याजवळ बांधलात आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरच्या तारा तिरक्या उतरवल्यात. इन्व्हर्टेड व्ही. टोकांना दोरी, दोरीला दगड. टोकाला व्होल्टेज जास्त असतं, ते हाताला लागेल इतकं खाली येऊ द्यायचं नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. रेझोनन्स, म्हणजे अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला बरोबर बसतो ती जागा, थोडा खाली लागला, कारण आवरण असलेल्या तारेची लांबी उघड्या तारेपेक्षा जरा कमी लागते. मी पक्कड काढली तर तुम्ही हात धरलात. कापायचं नाही, दुमडून बांधायचं. माझ्या त्या तारेच्या टोकांना आजही वितीएवढी घडी आहे.

तार बांधता बांधता तुम्ही मार्कोनीची गोष्ट सांगितलीत. १२ डिसेंबर १९०१, न्यूफाउंडलंडमधली सिग्नल हिल, वाऱ्यात हेलकावणारा पतंग आणि त्याला टांगलेली सुमारे १५० मीटर तार. इंग्लंडमधल्या पोल्डूहून निघालेलं तीन टिंबांचं 'एस' त्याने त्या तारेवर ऐकलं. खरंच ऐकलं का, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो पतंगच राहिला आहे. तोही अँटेना घेऊन उघड्या टेकडीवरच उभा होता.

फेराइटचं ते कडं, ज्यावर कोॲक्सचे, म्हणजे अँटेनाला जाणाऱ्या केबलचे, वेढे घेऊन तुम्ही चोक केला होता, जाताना माझ्याच पिशवीत टाकलंत. केबलच बाहेरून अँटेना होऊन बसू नये म्हणून. ते प्रत्येक फेरीत बरोबर असतं.

पण आभार खरे आणखी एका गोष्टीचे. तुम्ही तुमचा रेडिओ बंद करून आला होतात. दोनशे पावलांवर एकाच बँडवर दोन स्टेशनं चालली तर एकमेकांना बहिरं करतात, म्हणून माझी हाक जावी यासाठी तुम्ही गप्प राहिलात. तुमची संपर्कांची वही उघडी होती. शेवटच्या ओळीत पेन्सिलीने एक कॉलसाइन, भोवती गोल, पुढे वेळ नाही की रिपोर्ट नाही. त्या दूरच्या स्टेशनासाठी तुम्ही गर्दीत नंबर लावून बसला होतात, हे मला फार उशिरा उमगलं. तेव्हा मी विचारलंही नाही.

तो कॉलसाइन माझ्या लक्षात राहिला. गेल्या महिन्यात तो दोनदा ऐकला, २० मीटरवर, मोर्समध्ये, सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास. सिग्नल क्षीण आहे, पण हळू पाठवतो आणि दुबळ्या स्टेशनांना थांबून उत्तर देतो. तुमच्या काठीला आणि व्हीला तो नक्की मिळेल.

७३, म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा, काका.

तुमची,
तारा पसरणारी मुलगी