आधी फिर्याद ऐकायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाची कर्नाटक पोलीस खात्यात कॉन्स्टेबल म्हणून निवड झाली. प्रशिक्षणातून सुटीवर आला तेव्हा वही घेऊन माझ्याकडे बसला. वहीत दोन रकाने, डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. ३०२ चं १०३, ३७९ चं ३०३, ३९२ चं ३०९, ४२० चं ३१८. सगळं तोंडपाठ. मी विचारलं, “चोरी आणि जबरी चोरी यांत फरक काय?” तो म्हणाला, “काका, ३०३ आणि ३०९.”

पोरगा हुशार आहे, दोष त्याचा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, जुन्या भारतीय दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी ३५८ आली आणि सगळ्यांचीच आकडे जुळवताना धांदल उडाली. पण चोरी कशाला म्हणायचं हे १८६० पासून फारसं बदललेलं नाही. तेच वहीत कुठे नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी खात्यात एकतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी ठाण्यात रायटर म्हणून, म्हणजे फिर्यादी लिहून घेण्यात. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यालगतच्या एका गावची म्हातारी आली होती. गळ्यातलं मंगळसूत्र गेलं होतं. ती म्हणाली, “दिवेलागणीला घरला चाललेले, मागनं आला, ढकलल्यान मला, पडले, मग गळ्याला हात घातल्यान.” माझी मातृभाषा मराठी, तिचीही मराठी. ठाण्याचं काम कन्नडमध्ये. रांगेत आणखी माणसं होती. मी कन्नडमध्ये चार ओळी लिहिल्या, सायंकाळी सहाच्या सुमारास अनोळखी इसमाने गळ्यातलं मंगळसूत्र चोरून नेलं. भराभर वाचून दाखवलं, तेही कन्नडमध्येच. तिने अंगठा उठवला.

ढकललं, ती पडली, हे माझ्या कागदावर आलंच नाही. कोपर सोललेलं मला दिसत होतं, तरी डॉक्टरकडे पाठवलं नाही, कारण माझ्या लेखी ती साधी चोरी होती. चोरी करताना माणसाला इजा केली, अडवून धरलं किंवा तिथल्या तिथे इजा होईल अशी धास्ती घातली की ती जबरी चोरी होते. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, जबरी चोरीला दहा. तीच हमरस्त्यावर, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घडली तर चौदा. म्हणजे तिने सांगितलेल्या ‘ढकलल्यान’ला वजन होतं आणि ‘दिवेलागणी’लाही. मी एक शब्द गाळला आणि दुसऱ्याचे सहा वाजवले.

पुढे कोर्टात तिने ढकलल्याचं सांगितलं. आरोपीचा वकील उठला, “हे फिर्यादीत नाही, आता रचून सांगते आहे.” मग तिच्या बाकीच्या सांगण्यावरही शंका आली आणि आरोपी सुटला. बाहेर व्हरांड्यात तिने मला गाठलं. “साहेब, मी सांगिटले होते की नाही?” मी हो म्हणालो. त्यापुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

आता तर चोरी आणि जबरी चोरीच्या मधोमध ३०४ आलं आहे, हिसकावणं. झटक्यात किंवा जोर लावून वस्तू ओढून घेतली की ते लागू शकतं. ‘काढून घेतलं’, ‘ओढलं’, ‘ढकलून काढलं’, या तीन क्रियापदांवर तीन वेगळी कलमं उभी आहेत. प्रशिक्षणातल्या मुलांना कलमाचे घटक असेच शिकवायला हवेत, म्हणजे कुठला शब्द कानावर पडला की कुठला प्रश्न विचारायचा. अर्थात तोंडात शब्द घालायचा नाही. “पुढे काय झालं?” एवढं विचारलं तरी पुष्कळ बाहेर येतं.

उद्देशाचंही तसंच. आपल्या भागात ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन मुकादम आला नाही की शेतकरी थेट ठाण्यात येतो, “फसवलं.” पैसे बुडाले म्हणजे फसवणूक झालीच असं नाही. घेतानाच बुडवायचं मनात होतं का, हे बघावं लागतं. पैसे घेतले तेव्हा त्याच्याकडे टोळी होती का? त्याच आठवड्यात आणखी किती जणांकडून उचल घेतली? चार प्रश्न नीट विचारले तर कळतं की प्रकरण फसवणुकीच्या ३१८ चं आहे की दिवाणी कोर्टाचं. नवीन मुलगा एकतर सरसकट गुन्हा लिहितो, नाहीतर सरसकट हाकलून देतो.

हद्दीचा प्रश्न तर इथे रोजचा. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि बाजार मात्र बेळगावचा. बसमध्ये खिसा कुठे कापला हे प्रवाशाला काय ठाऊक? “आमची हद्द नाही” हे उत्तर आता चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, १७३ व्या कलमात स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची आणि मग संबंधित ठाण्याकडे पाठवायची.

त्याच कलमात तोंडी फिर्याद लिहून ती वाचून दाखवायला सांगितलं आहे. राज्याचा कारभार कन्नडमध्ये आहे, मीही कन्नड नोकरीत शिकलो आणि फिर्याद कन्नडमध्ये लिहिण्यावर माझं काही म्हणणं नाही. पण वाचून दाखवायचं ते सांगणाऱ्याला कळण्यासाठी. सीमेवर मराठी बाईला मराठीत, चिक्कोडीकडच्या कन्नड शेतकऱ्याला कन्नडमध्ये, उर्दू बोलणाऱ्याला उर्दूत. अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये विहान कुमार प्रकरणात सांगितलं आहे. आरोपीला जे मिळतं ते फिर्यादीला मिळू नये का?

माझी सूचना साधी आहे. फिर्याद देणाऱ्याचा कळीचा शब्द त्याच्याच भाषेत, अवतरणात, कन्नड मजकुरात लिहावा. पुढे तपासात जबाब घेताना आवाज आणि चित्र दोन्ही रेकॉर्ड करायला नवा कायदा परवानगी देतो, ती वापरावी. आणि प्रशिक्षणात आठवड्यातून एक तास खऱ्या माणसांसमोर फिर्याद लिहून घेण्याचा सराव व्हावा. आसपासच्या गावांतल्या चार बायका, चार शेतकरी बोलवावेत, त्यांनी आपापल्या बोलीत सांगावं, मुलांनी लिहावं आणि त्यांनाच वाचून दाखवावं. त्या बायका मान हलवतील तेव्हाच कागद पुरा झाला असं समजावं.

खानापूरच्या प्रशिक्षण शाळेने बोलावलं तर मी पदरच्या खर्चाने येईन. तो व्हरांड्यातला प्रसंग मुलांना माझ्या तोंडून सांगायची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त हेड कॉन्स्टेबल, बेळगाव