वसंतास पत्र: १८७६ ची ती निवडणूक

नाशिक,
रविवार सकाळ

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू १८७६ च्या अमेरिकेतल्या निवडणुकीला 'एका मताची गंमत' म्हणालास. घरात पाहुणे होते, मला धड बोलता आलं नाही. पण तो शब्द मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

एका मताचं खरंच आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष ठरतो राज्यवार मिळणाऱ्या निर्वाचक मतांवर. जिंकायला अशी १८५ मतं हवी होती. डेमोक्रॅट पक्षाचे, न्यूयॉर्कचे गव्हर्नर सॅम्युएल टिल्डन १८४ वर अडले, रिपब्लिकन पक्षाचे, ओहायोचे रदरफर्ड हेझ १६५ वर. लोकांची मतं टिल्डनना अडीच लाखांनी जास्त! वादात राहिली २०: फ्लोरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलायना, आणि ओरेगनमधलं एक. हेझना ती वीसच्या वीस हवी होती. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, निवाड्यासाठी १५ जणांचा आयोग नेमला. न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस कुठल्याच पक्षाचे नव्हते, सगळ्यांची भिस्त त्यांच्यावर. नेमकं त्याच वेळी इलिनॉयने त्यांना सिनेटवर निवडलं आणि ते बाजूला झाले. त्यांच्या जागी आलेले ब्रॅडली रिपब्लिकन. मग दर वेळी कौल आठ विरुद्ध सात. २ मार्च १८७७ ला हेझ जिंकले, १८५ विरुद्ध १८४.

पण वसंता, हे आकडे वादात पडले कसे, ते बघ. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांच्या मताधिकाराला संरक्षण दिलं. साउथ कॅरोलायनात तर काळी माणसं निम्म्याहून जास्त. त्यांची मतं रिपब्लिकनांना जात, म्हणून त्यांनी मत देऊ नये यासाठी डेमोक्रॅटांच्या बाजूने दहशत घातली गेली. जुलै १८७६ मध्ये हॅम्बर्ग गावात गोऱ्या बंदूकधाऱ्यांनी काळ्या शिपायांना वेढलं आणि पकडलेल्यांतल्या काहींना गोळ्या घातल्या. नोव्हेंबरात एजफील्ड परगण्यात मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली. रिपब्लिकनही धुतल्या तांदळासारखे नव्हते. लुइझियानात त्यांच्या मोजणी मंडळाने हजारो मतं बाद केली. तरी जीव मुठीत धरून मतपेटीपर्यंत चालत गेलेल्या माणसाची गोष्ट मला या सगळ्यात मोठी वाटते.

आणि त्याला काय मिळालं? एप्रिल १८७७ मध्ये हेझनी साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाच्या आणि लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सच्या राज्यसभागृहांवरचे केंद्राचे सैनिक हटवले. दोन्हीकडची रिपब्लिकन सरकारं कोसळली. पुढे मतदानावर कर आले, वाचनाच्या परीक्षा आल्या. मताधिकाराचा भक्कम कायदा यायला १९६५ उजाडलं. हेझ की टिल्डन, यावर अजून वाद घालतात. मला तो वाद दुय्यम वाटतो.

जोतीरावांनी 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली, आठवतं? गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. साल १८७३. चारच वर्षांनी त्या देशाने गुलामीतून सुटलेल्या त्याच माणसांची साथ सोडली. हे जुळलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

तुझ्या कपाटात ती प्रत आहे. अर्पणपत्रिका पुन्हा वाच आणि मला फोन कर. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अरविंद