छाती दाबायला सगळ्यांनाच यायला पाहिजे

संपादक साहेब, मागच्या रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढताना आमच्या पुढचे साठीतले एक काका एकदम कोसळले, लगेच गर्दी जमली, कोणी तोंडात पाणी ओतायला लागलं, कोणी कांदा आणा म्हणालं. अहो बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचंच नसतं, श्वासनलिकेत जातं ते! तेवढ्यात नर्सिंग शिकणारी एक पोरगी पुढं आली, खांदे हलवून हाक मारली, काका अधूनमधून नुसते घुरघुरत होते, हा श्वास नव्हे म्हणाली, मला १०८ ला फोन लावायला सांगितलं अन् छातीच्या मधोमध तळहात ठेवून, कोपर ताठ करून दाबायलाच लागली. जोरात, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, अन् दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी ती दमली मग मी बसलो, गुडघ्याला खडी टोचत होती पण अँब्युलन्स येईपर्यंत आम्ही आलटून पालटून चालूच ठेवलं. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबलं तरी चालतं, हे मला वयाच्या ४८ व्या वर्षी कळलं. काका आता घरी आहेत. गणपतीत मंडळं एवढे कार्यक्रम घेतात, त्यातली एक संध्याकाळ डॉक्टरांना बोलवून हे शिकवायला द्या ना, आमच्या मंडळात मी विषय काढलाय.

- एक वाचक, सातारा