पाऊस मोजला, ओल कोण मोजणार?

राज्यातील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर करण्याच्या 31 ऑक्टोबर 2023च्या निर्णयाची बातमी वाचली. आमचा अंबाजोगाई तालुका यादीत आहे, त्यामुळे ही तक्रार वगळल्याची नाही. मोजण्याच्या पद्धतीची आहे.

2023चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पण पावसाच्या त्या खंडात कोणाचे सोयाबीन आधी करपले, हे फक्त पर्जन्यमापक सांगत नाही. बालाघाट डोंगराच्या माथ्यावरची मुरमाड जमीन आठ-दहा दिवसांत ओल सोडते. मांजरा नदीकाठची खोल काळी जमीन त्याच पावसावर कितीतरी दिवस जास्त तग धरते. तालुक्याची सरासरी काढली की दोन्ही शेतकरी कागदावर सारखेच.

केंद्राच्या 2016च्या दुष्काळ संहितेत जमिनीतील ओलाव्याचे निर्देशांक आहेत. पण गावोगावच्या चर्चेत येते ती पावसाची टक्केवारी. उपग्रहाच्या नोंदी मिळतात, मात्र तो थेट पाहतो वरचा जेमतेम पाच सेंटीमीटरचा थर. तुरीची मुळे त्याच्या कितीतरी खाली असतात! तिथे जमिनीत गाडलेले, ओल मोजणारे संवेदकच (सेन्सर) हवेत.

असे संवेदक महसूल मंडळनिहाय, हलक्या आणि भारी जमिनीत वेगवेगळे बसवावेत. नोंदी दर आठवड्याला जाहीर कराव्यात आणि वर्षानुवर्षे जपाव्यात. ओलीचा कल दहा-पंधरा वर्षांच्या नोंदींतूनच कळतो. पंचनामा होतो तो पीक वाळल्यावर. ओल मात्र त्याच्या आधीच खाली गेलेली असते.

— एक शेतकरी वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)