सरपंच ताई, पाण्याच्या हिशेबाबद्दल आभार

आदरणीय सरपंच ताई,
नमस्कार.

प्रयोगशाळेतली नोकरी सोडून तुम्ही सरपंचपदाला उभ्या राहिल्या, तेव्हा ‘शिकलेली बाई, चार दिवस टिकणार नाही’ असं पारावर खुशाल बोललं गेलं. शास्त्रज्ञानं निवडणूक लढवणं तसं नवं नाही, मेघनाद साहा 1952 साली लोकसभेत गेलेच होते. पण नळ आला नाही म्हणून सकाळी सहाला त्यांचं दार कोणी वाजवत नसेल. आमचे आभार पाण्याच्या कामाबद्दल आहेत, तेवढंच लिहितो.

आधी टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. पोतं उघडं पडायचं, सादळायचं आणि शिपाई अंदाजानं ओंजळभर पावडर टाकीत टाकायचा. तुम्ही हिशेब भिंतीवरच लिहून टाकला. 33 टक्के क्लोरीनची ताजी पावडर हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे आपल्या 50 हजार लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. सादळून ती 20 टक्क्यांवर आली की त्याच कामाला 410 ग्रॅमच्या आसपास लागते, त्याखाली गेली की वापरायचीच नाही. पावडर बादलीत कालवायची, पाणी भरून पाच-दहा मिनिटं निवळू द्यायची, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं, तळाचा चुना फेकायचा. अर्धा तास गेल्यावरच व्हॉल्व्ह उघडायचा. आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून पाहायची चाचणी, टाकीखालच्या नळाला नाही, वस्तीच्या शेवटच्या नळाला घ्यायची. तिथं लिटरला 0.2 मिलीग्रॅम मिळालं तरच गावाला क्लोरीन पोचलं. रंग लगेच वाचायचा, कारण थांबलं की पिवळा गडद होतो आणि नसलेलं क्लोरीन वहीत चढतं.

खरी कसोटी हापशीची होती. यवतमाळच्या आपल्या भागात खोल बोअरला फ्लोराइड लागतं. पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं, आणि त्यात कॅल्शियम कमी असलं की फ्लोराइड विरघळूनच राहतं. गंमत अशी की असं मऊ पाणी प्यायला गोड लागतं, डाळ पटकन शिजते, म्हणून बायका नेमक्या त्याच हापशीवर रांग लावतात. फ्लोराइडचं मानक लिटरला 1 मिलीग्रॅमचं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटून वाढतं. टीसीएलचा तर काहीच उपयोग नाही. हे तुम्ही वॉर्डावॉर्डात सांगितलं, पोरांच्या दातांवरचे फ्लोराइडचे तपकिरी पट्टे दाखवून सांगितलं.

फ्लोराइड जास्त निघालेली ती हापशी तुमच्याच मतदारांच्या वॉर्डातली. दुसऱ्या कुणी फाईल दाबली असती. तुम्ही ठरावात तपासणीची तारीख आणि अहवालाचा आकडा घातला आणि शब्द तोलून लिहिले: ‘पिण्यास व स्वयंपाकास वापर बंद, धुण्याभांड्यास चालू’. हापशीच्या तोंडाला लाल रंग दिला, दांडा काढला नाही. दांडा काढला असता तर रात्रीतून कोणी बसवला असता.

गाळण यंत्राचा आग्रह तुम्ही मोडून काढला, हेही बरं झालं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची, तुरटी-चुन्यानं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत चांगली आहे, पण तुरटी-चुन्याची मात्रा पाण्याच्या क्षारतेवर ठरते, रोज ढवळणारा माणूस लागतो आणि तुरटीचा गाळ टाकायला जागा लागते. त्यापेक्षा जुनी उथळ विहीर तपासून घेतली, फ्लोराइड कमी निघालं. गाळ उपसला, कठडा बांधला, सांडपाण्याची नाली लांब नेली. पैसा 15व्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायच्या निधीतून, त्यातला निम्मा पाण्यासाठी होताच. पेव्हिंग ब्लॉकवाले अजून रुसलेले आहेत, ते चालायचंच.

आता ऑक्टोबरचे नमुने आहेत. फ्लोराइडसाठी प्लास्टिकची बाटली, त्याच पाण्यानं विसळून; जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, ती मात्र विसळायची नाही, बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत. हापशी आधी काही मिनिटं उपसायची. या वेळी हे काम जलसुरक्षकाच्या, म्हणजे गावचं पाणी तपासायला नेमलेल्या माणसाच्या, हातून करवून घ्या, तुम्ही नुसत्या बाजूला उभ्या राहा.

आपले,
पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सदस्य