पहाटेच्या तेलाविषयी, शैलूस

भांडुप, मुंबई
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय शैलू,

लग्नाच्या कार्यालयात त्या पहाटे मी तळपायाला तेल चोळत बसले होते आणि तू गादीवरून एक डोळा उघडून म्हणालीस, "सुमे, वऱ्हाडात आलीयेस की बाळंतिणीच्या खोलीत?" तेव्हा हसण्यावारी गेलं. पण परवा फोनवर तूच म्हणालीस, मलाही तुझी ती सकाळची यादी पाठव. यादी होती गं माझ्याकडे. फ्रिजवर चिकटवलेली, तेलाचे डाग पडलेली. ती पाठवत नाही, कारण तिनेच मला आडवं केलं होतं. त्याऐवजी हे लांबलचक पत्र. चहा घेऊन बस.

सुरुवात २०२४ च्या दिवाळीत झाली. नरकचतुर्दशीला नेहमीप्रमाणे सगळ्यांना तेल-उटणं लावलं, कारीट फोडलं, मोती साबण निघाला. त्या दिवशी दुपारपर्यंत अंग कसं मोकळं मोकळं वाटत होतं. मनात आलं, हे वर्षातून एकदाच का? मग अष्टांगहृदयाचं, म्हणजे वाग्भटाच्या आयुर्वेदावरच्या जुन्या ग्रंथाचं, मराठी भाषांतर मिळवलं. त्याने सूत्रस्थान या पहिल्या भागातला दुसरा अध्यायच दिनचर्येला दिलाय, आणि त्यात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, रोजचा सांगितलाय, रोजचा! आपण तो दिवाळीपुरता ठेवला आणि बाकीच्या ३६४ दिवशी सकाळी उठून धावतो.

झालं, मी यादी केली. साडेचारला उठणे, तांब्याच्या भांड्यातलं पाणी, जीभ घासणे, तिळाच्या तेलाची चूळ, नाकात तेल, डोक्याला तेल, सर्वांगाला तेल, बारा सूर्यनमस्कार, कोमट पाण्यात लिंबू-मध. लेडीज डब्यातल्या बायकांनी भर घातली: जिऱ्याचं पाणी, मेथी, दुधीचा रस. (दुधीचा रस तू घेत असशील तर एक ऐक. आधी एक थेंब जिभेवर ठेवायचा, कडू लागला तर सगळा ओतून द्यायचा. कडू दुधीच्या रसाने माणसं गेली आहेत.) आणि हे सगळं दोन डबे, पाण्याची वेळ आणि आठ-बाराची लोकल सांभाळून. वाचताना सारखं वाटायचं, वाग्भटाच्या घरी डबे कोण करत असेल?

नऊ दिवस टिकले. सातव्या दिवशी नाक गळायला लागलं, तरी यादीत आहे म्हणून डोक्याला तेल थापलं, नाकातही सोडलं. आठव्या दिवशी तेलकट पायाने बाथरूममध्ये घसरले, कोपर फुटता फुटता वाचलं. नवव्या दिवशी घाटकोपरला डोळा लागला तो थेट सीएसएमटीला उघडला. माझं ऑफिस दादरला.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक वैद्यबाई राहतात, वरळीच्या पोदार आयुर्वेद कॉलेजात शिकलेल्या. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, यादी घेऊनच. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. विचारलं, "उठल्यावर आधी काय बघता?"

खरं सांगितलं, मोबाइल.

त्या म्हणाल्या, "आधी पोट बघा."

शैलू, मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. अष्टांगसंग्रहात, म्हणजे वाग्भटाच्याच नावावरच्या दुसऱ्या ग्रंथात, पहाटे उठण्याच्या वाक्यातच आणखी एक अट जोडलेली आहे: काल रात्रीचं जेवण पचलंय की नाही, हे बघत उठायचं. पाणी, दात, तेल सगळं त्यानंतर. पचल्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. ढेकर स्वच्छ, म्हणजे रात्रीच्या भाजीची आठवण न करून देणारा. अंग हलकं. पोट वेळेवर साफ. भूक-तहान लागलेली. आणि उठावंसं वाटणं, हेही त्यातलंच लक्षण. मी इतकी वर्षं त्याला आळस नाहीतर स्वभाव समजत होते.

आणि यातलं काही जुळत नसेल तर? तर त्या दिवशी तेल नाही. अजीर्ण असताना अभ्यंग करू नये, कफ वाढलेला असताना करू नये, हे अष्टांगहृदयाच्या त्याच अध्यायात, तेलाच्या कौतुकाला लागूनच लिहिलंय. मी कौतुक तेवढं वहीत उतरवलं होतं. पहाटेच्या नियमातसुद्धा 'स्वस्थ' असा शब्द आहे, म्हणजे ज्याचं बरं चाललंय त्याने पहाटे उठावं. बारा वाजता झोपून साडेचारला उठणारी बाई त्या श्लोकात बसतच नाही. बरं, माझा हिशेबही चुकला होता. ब्राह्ममुहूर्त, म्हणजे उठायची ती पहाटेची वेळ, सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं चालतो. मुंबईत सध्या सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे साधारण पावणेसहाला उठलं तरी चालतं. जूनमध्ये सूर्योदय सहाला, तेव्हा मात्र तो साडेचारच्याही आधी. मी नोव्हेंबरात जूनचा गजर लावून बसले होते!

आता रोज काय करते ते सांगते. पावणेसहाला जाग आली की दोन-तीन मिनिटं तशीच पडून राहते. पोट, तोंडाची चव, सांधे. मग उठून आरशात जीभ. पांढरा थर जाड असेल तर समजायचं, रात्री उशिरा जेवलो ते नडलं. तांब्याच्या पट्टीने जीभ हलक्या हाताने घासायची, मागून पुढे. ही पट्टी चरकाच्याही (तोही आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार) काळापासूनची, सोन्या-चांदीचीसुद्धा सांगितली आहे. आपली तांब्याची बरी. मग पाणी, तहान असेल तेवढंच. मी आधी तांब्याच्या भांड्यात लिंबू पिळायचे, वैद्यबाईंनी कपाळावर हात मारला. आंबटाने तांबं पाण्यात उतरतं. आणि मध कधीच गरम पाण्यात घ्यायचा नाही, चरकाने त्याची साफ मनाई केलीय. अख्खी मुंबई आयुर्वेदिक म्हणून सकाळी तेच पिते.

पोट साफ झालं, अंग हलकं असलं की तेल. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण बाकी सगळं सुटलं तरी हे सुटू नये असं मला वाटतं. लाकडी घाण्याचं तिळाचं तेल, दोन-तीन चमचे, स्टीलच्या वाटीत. ती वाटी गरम पाण्याच्या तांब्यावर ठेवायची, तेल गॅसवर चढवायचं नाही. बाथरूममध्ये स्टूल, पायाखाली जुनं गोणपाट (कोपराची शिकवण). हाता-पायांच्या लांब हाडांवर सरळ लांब हात फिरवायचा, गुडघे, कोपर, खांदे इथे गोल. घाईच्या दिवशी फक्त डोकं, कान आणि तळपाय. वाग्भटानेही याच तिघांवर विशेष भर दिलाय, म्हणून ती पळवाट नव्हे. कानाला म्हणजे पाळीला आणि मागे, तेवढंच. आत मी तेल सोडत नाही, आणि तुझा तर लहानपणी कान फुटायचा, तू मुळीच सोडू नकोस.

पहिल्या आठवड्यात मला कळलं की माझा डावा गुडघा उजव्यापेक्षा गरम असतो. पोटरीवर एक जुनी गाठ आहे, ती डॉक्टरांना दाखवली, चरबीची निघाली, निरुपद्रवी. सत्तेचाळीस वर्षं या अंगात राहतेय आणि त्याचा नकाशा ठाऊक नव्हता. पोरांच्या अंगाला तेल लावताना तीळ न् तीळ पाठ होता आपल्याला.

सूर्यनमस्कार मी तेलाच्या आधी घालते. पुस्तकात आधी तेल, मग व्यायाम. पण तेलाच्या तळव्यांनी आमच्या गुळगुळीत टाइल्सवर घालून बघ, थेट हॉलमधून किचनमध्ये पोचशील. व्यायाम अर्ध्या ताकदीपर्यंतच. कपाळ, नाक, काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली की थांबायचं. मे महिन्यात भांडुपमध्ये नुसतं उभं राहिलं तरी एवढं होतं! पण तेही वाग्भटाने धरलंय: थंडीत आणि वसंतात अर्धी ताकद, एरवी त्याहून कमी. माझे थंडीत बारा होतात, मे महिन्यात चार.

आंघोळीला खांद्याखाली गरम पाणी, डोक्यावर नाही. केसांना आणि डोळ्यांना ते वाईट. तेल काढायला बेसन नाहीतर मसुरीचं पीठ, साबण लागत नाही. मात्र पीठ मोरीच्या जाळीवर अडवून कचऱ्यात टाक. मी तसं न केल्याने खालच्या काकूंकडे पाणी तुंबलं आणि त्या आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या.

पावसाळ्याचं सांगते. जुलैत पंचा वाळत नाही, त्याला असा खवट वास येतो की नवरा म्हणाला, एक तर हा तरी किंवा मी तरी. आता दोन पंचे आहेत आणि दर रविवारी सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवते. पण पावसाळ्यातच सांधे जास्त धरतात, तेलाची गरज तेव्हाच जास्त.

तुला वाटेल, सुमी आता आजीसारखं बोलायला लागली, पूर्वीचं तेवढं सगळं चांगलं. तसं नाही. गिरगावातली माझी आजी शिकेकाईने न्हायची, काशाच्या वाटीने तळपाय घासायची, आणि सकाळी उठून पहिली मशेरी लावायची. त्या मशेरीने तिच्या तोंडाचं काय झालं ते तू पाहिलंयस. आणि काशाच्या वाटीने पाय काळे होतात ती काही अंगातली उष्णता निघत नाही, तो घासलेल्या धातूचा रंग. मी तरीही घासते, रात्री, कारण झोप छान लागते.

तुझी बीपीची गोळी यात कुठेही बदलायची नाही, कळलं? नाकात तेलाचंही वैद्याला विचारल्याशिवाय नाही. मी सोडूनच दिलंय.

आठवड्यात तीन-चार दिवस जमतं मला. बाकीच्या दिवशी पोट बघते, जीभ घासते आणि डबे भरते. आज रविवार असूनही तेल लावलं नाही, काल शेजारी हळदीकुंकू होतं, तिळाच्या वड्या जास्त झाल्या.

मार्चमध्ये येशील तेव्हा सांगलीहून घाण्याचं तेल आण, एक लिटर पुरे. आणि स्वतःचा पंचा आण. माझा देणार नाही.

तुझी,
सुमी